विहिरीतली चार बटणं

१

करंजपाड्याच्या बुजलेल्या विहिरीत हाडं सापडली ती मंगळवारी, दिवस कलताना. बटणं सापडली बुधवारी सकाळी. आणि बुधवारी दुपारपर्यंत अख्ख्या पाड्याने ठरवून टाकलं होतं, की हा लडकू हरड. आणि त्याला मारला तो त्याच्या सख्ख्या भावाने.

१९९९ सालचा मे महिना होता. किन्हवलीकडून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यापासून आत तीन मैलांवर हा पाडा. नळ कोरडे पडले म्हणून ग्रामपंचायतीने हरडांच्या शेतातली जुनी बुजवलेली विहीर उकरायला घेतली होती. पंधरा-सोळा हात खाली गेल्यावर मंगळू मुकादमाच्या माणसांना आधी मांडीचं हाड लागलं, मग बरगड्या. दुसऱ्या दिवशी त्याच मातीत पितळेची चार बटणं दिसली. लष्करी कोटाची, मुकुटाची.

पाड्यातून लष्करात गेलेली माणसं दोनच. एक कमळू भेरे. तो पूर्ण नोकरी करून पेन्शन घेऊन परतला होता. दुसरा त्याचा दोस्त लडकू. इटलीतली लढाई आटोपून तो रजेवर आला आणि १९४६च्या पौषात लष्करी ओव्हरकोट घालून आटगाव स्टेशनकडे निघाला. पलटणीत तो कधी पोचलाच नाही. चार महिन्यांनी सरकारी कागद आला: शिपाई फरारी आहे. पोलीस दोनदा घर उलटंपालटं करून गेले. त्याची बायको जिवली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, पोटाशी होती. त्या दिवसापासून पाड्यावर ती पळपुट्याची बायको झाली.

आता ती बहात्तर वर्षांची होती. कपाळावरचं कुंकू तिने एक दिवस चुकवलं नव्हतं.

बुधवारी दुपारी शेजारची जना चार बायका घेऊन तिच्या दारात आली. हातातला पाण्याचा तांब्या तिने पदराआड धरला होता.

"जिवलीवयनी, आता मन घट कर. बांगड्या उतरवायला लागतील गो."

जिवली भिंतीला टेकून बसली होती. तिने दोन्ही हात पदरात ओढून घेतले.

"कोनी सांगितला तो माजाच मानूस हाय?"

"बटना सापडली ना कोटाची."

"बटना सगल्या शिपायांना असतान. हात लावू नका मला."

बायका ताटकळल्या, कुजबुजल्या आणि गेल्या. जिवलीची नात योगिनी तेवढ्यात शहापूरहून कामावरून आली होती. ती आजीजवळ बसली.

"योगे, तुज्या त्या बाजारपेठेत बटनावाला हवालदार हाय म्हनं. जो जुने बिल्ले वलखतो. त्याला विचार. तो सांगंल त्यावं मी वागीन."

त्याच वेळी पोलिसांची जीप लडकूच्या धाकट्या भावाला, सत्तर वर्षांच्या धोंडीला घेऊन पाड्याबाहेर पडली.

२

पंढरी वेखंडे लष्करात हवालदार होते, पण बंदूक त्यांनी फारशी चालवली नाही. सगळी नोकरी कपड्यांच्या कोठारात गेली. निवृत्त झाल्यावर शहापूरच्या बाजारपेठेत त्यांनी शाळेच्या गणवेशांचं दुकान टाकलं. मागच्या खोलीत मात्र त्यांचं दुसरंच जग होतं: काडेपेट्यांमध्ये कापसावर ठेवलेली बटणं, खांद्यावरचे पितळी आकडे, टोपीवरचे बिल्ले. लोक आजोबा-पणजोबांच्या पेटीत सापडलेलं काहीबाही घेऊन येत, आणि पंढरी सांगत, "हा आकडा एकशेसतराचा. ही पलटण या नंबराने एकोणीसशेतीन ते बावीस एवढीच होती. म्हणजे तुमचा पणजोबा पहिल्या महायुद्धातला."

माणूस मोठा अस्वस्थ होता. स्टुलावर पाच मिनिटं बसला की उठायचा, काउंटरची फडकी झटकायचा, पुन्हा बसायचा. बायको गेल्यापासून हे वाढलं होतं.

गुरुवारी योगिनी आली, तिच्या पाठोपाठ शाम नावाचा पोलीस शिपाई. फौजदाराने बटणं पाकिटात घालून त्याच्या हवाली केली होती. दवाखान्याचा अहवाल यायला अजून वेळ होता.

"लवकर सांगा," शाम म्हणाला. "साहेब शनिवारी म्हाताऱ्याला कोर्टात उभा करणार. मोठा भाऊ नाहीसा झाल्यावर सगळी जमीन यानेच कसली. विहीरबी याच्याच शेतात. साहेबांना अजून काय पायजे?"

"धोंडीआजोबांच्या नातीचं, दिपालीचं लग्न ठरलंय," योगिनी म्हणाली. "मुलाकडच्यांचा निरोप आलाय, थांबा म्हणून."

पंढरींनी पांढरा रुमाल पसरला. चारही बटणं ओळीत मांडली. भिंग डोळ्याला लावलं.

"मुकुट," ते पुटपुटले. "व्हिक्टोरिया राणीच्या वेळी मुकुटाची कमान मध्ये दबलेली असायची. ही गोल आहे, घुमटासारखी. राजाचा मुकुट. एकोणीसशेएकपासून पुढचा. तुझ्या आजोबांच्या कोटावर हाच असणार."

योगिनीने डोळे मिटले. म्हणजे आजोबा पळाले नव्हते. आणि म्हणजे आजी विधवा होती. दोन्ही गोष्टी एकदमच तिच्या अंगावर आल्या.

दुसरं बटण तसंच. तिसरंही. चौथं घासून घासून पार गुळगुळीत झालं होतं. अंगठ्याला नुसता उंचवटा लागत होता. पंढरींनी ते उन्हात धरलं, तिरकं केलं. मग दुकानाच्या पायरीवर जाऊन पुन्हा बघितलं. परत आले ते बसलेच नाहीत.

"काय झालं?" शामने विचारलं.

"मुकुटाची खालची पट्टी वाकलेली असते. ही सरळ आहे. आणि पट्टीच्या मधोमध बारीक चक्र आहे. वर दिसतो तो घुमट नाही, सिंहांची डोकी आहेत." त्यांनी भिंग योगिनीच्या हातात दिलं. "अशोकस्तंभ. लष्कराच्या बटणांवर हे सिंह एकोणीसशेपन्नासनंतर आले. शेहेचाळीस साली हे बटण जगातच नव्हतं."

३

शुक्रवारी सकाळच्या एसटीने पंढरी, योगिनी आणि शाम करंजपाड्यावर उतरले. आधी विहीर. मंगळू मुकादम काठावर बिडी ओढत बसला होता. काम बंद, मजुरी बंद, म्हणून वैतागलेला.

"हाडं तुम्हीच काढलीत?"

"मीच. मंगलवारी सांजंला. हाड दिसला तसा सगल्यांना वर काढला. पाटलाला सांगितला."

"तेव्हा बटणं दिसली नाहीत?"

"नाय बा. दिसली आसती तर तवाच नसती का सांगितली? बुधवारी सकाली पोलिसांसंगती उतरलो, तर चारी वरच. जशी कोनी पेरली."

"चारही एका जागी?"

मंगळूने ओंजळ करून दाखवली. "येवढ्यात."

पंढरी काठावरून येरझाऱ्या घालू लागले. कोट कुजला तर बटणं छातीपासून खालपर्यंत एका रेषेत पडायला हवीत. ओंजळभर जागेत नाही.

"मधल्या रात्री इथे राखणीला कोण होतं?"

"पाटलाने कमळूआबाला बसवला होता. लष्करातला मानूस, भूताखेताला भ्येत नाय म्हनून."

धोंडीला दिवसभर चौकीत बसवून संध्याकाळी घरी सोडत होते. आज त्याला ताप होता, म्हणून तो ओटीवरच पडला होता. अंगणात चिटपाखरूही नव्हतं. तीन दिवसांत कोणी त्याच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं.

"विहीर कधी बुजली?" पंढरींनी विचारलं.

"सायबाला धा येला सांगितला. पटकीच्या सालात! मी धा वर्साचा व्हतो. मानसा मरत व्हती. कोन तरी परका म्हातारा त्या हिरीत पडला, पानी नासला. कोनी काढाया उतरला नाय. वरनं दगडा लोटली नि हीर बुजवली." धोंडी उठून बसला. "दगडा लोटाया लडकूदादा व्हता! सतरा वर्साचा. तो त्या हिरीखाली कसा गावंल, तुमीच सांगा. त्याने ती सोता बुजवली."

"हे आठवणारं दुसरं कोणी?"

"समदी मेली. कमळू हाय. त्यालाबी ठावं हाय. पन तो बोलंना."

"जमीन मात्र तुम्हीच कसली," शाम म्हणाला.

धोंडीने त्याच्याकडे बघितलं. "दर सालाला वयनीच्या कनगीत भात कोन घालतो, तिला विचार."

योगिनीने मान खाली घातली. ते खरं होतं. पण बुधवारी सकाळी, बटणं बघितल्याच्या पहिल्या धक्क्यात आजीने भर अंगणात याच धोंडीला खुनी म्हटलं होतं.

कमळू भेरेचं घर पाड्याच्या टोकाला. त्याने तिघांना खाटेवर बसवलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. ताठ कण्याचा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. चहाची पितळी समोर आली तेव्हा मात्र त्याचा हात आधी पितळीच्या बाजूला पडला, मग चाचपत तिच्यापर्यंत गेला.

"मोतीबिंदू?" पंढरींनी विचारलं.

"दोनी डोल्यांत. आपरेशनला नंबर लागलाय."

"लडकूचा कोट तुम्हाला आठवतो?"

"आठवतो की. दोगांना येकाच दिवशी मिलाला. त्याच्यावरची बटना जिवलीवयनीने सोताच्या हाताने परत शिवली व्हती, निगायच्या दिवशी. चार मोठी. लडकू सगल्यांना दाखवत फिरला."

"आणि विहीर? पटकीच्या सालात, एकोणचाळीसच्या कॉलऱ्यात बुजली म्हणतात."

कमळूने चहाचा घोट घेतला. 

"मला आता तवाचा काय आठवत नाय," तो म्हणाला.

ज्याला त्रेपन्न वर्षांपूर्वीच्या कोटाची बटणं मोजून आठवत होती, त्याला ते साल आठवत नव्हतं.

४

पंढरींनी शामला योगिनीबरोबर पाठवून दिलं. "आजीला सांगा, संध्याकाळपर्यंत येतो." ती दोघं वळणाआड गेल्यावर त्यांनी खिशातून पाकीट काढलं. शामने सही घेऊन ते त्यांच्याकडे दिलं होतं. एका बटणाच्या मागच्या कडीत दोऱ्याचा तुकडा अडकला होता.

"आबा, मी कोठारात तीस वर्षं काढली. आयुष्यभर बटणं आणि दोरे बघितले. हा दोरा टोकाला बघा. नाही दिसणार, राहू द्या. मी सांगतो. कुजून तुटलेला दोरा पिंजल्यासारखा होतो. हा सरळ तुटलाय. पात्याने कापलाय."

कमळूने पितळी खाली ठेवली.

पंढरींनी त्या तुकड्याचा एक तंतू चिमट्यात धरला आणि काडी ओढली. तंतू जळून राख झाला नाही. आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला.

"सुती दोरा राख होतो. हा टेरिलीनचा. जिवलीकाकूंनी शेहेचाळीस साली टेरिलीनचा दोरा आणला कुठून? आणि चौथ्या बटणावर सिंह आहेत. तुम्हाला दिसत नाहीत, अंगठ्याला मुकुटासारखेच लागतात. पाड्यावर पन्नासनंतर लष्करात असलेला माणूस एकच. बटणं सापडायच्या आधी विहिरीवर एकटा बसलेला माणूसही एकच." त्यांचा आवाज उतरला. "तुमची मुकुटाची बटणं पन्नास साली कोठारात जमा झाली असणार; ही तीन लडकूच्याच कोटाची आहेत, याबद्दल मला शंका नाही. म्हणजे कोट तुमच्याकडे आहे. तो तुमच्याकडे कसा आला, एवढंच सांगा. मारलात का त्याला?"

म्हातारा उठला. पंढरींना वाटलं, हा आता बाहेर निघून जाईल. पण तो आतल्या खोलीत गेला, आणि पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातांवर घडी घातलेला खाकी ओव्हरकोट होता. डांबरगोळ्यांचा वास सुटला. पुढच्या बाजूला चार जागी दोऱ्यांची कापलेली टोकं उभी होती.

"मी नाय मारला," कमळू म्हणाला. "तो त्र्याहत्तर सालात मेला. तापाने. सिन्नरच्या अंगाला, वीटभट्टीवर."

पंढरी खाटेवर बसले आणि या वेळी उठले नाहीत.

लडकू आटगावला गाडीत बसला होता, हे खरं होतं. पलटण तेव्हा उत्तरेत होती. कसाऱ्यापुढे गाडी घाट चढायला लागली, डोंगर अंगावर आले, आणि त्याला इटलीतला तो डोंगर दिसायला लागला जिथे त्याच्या तुकडीतली नऊ माणसं एका सकाळी गेली होती. इगतपुरीला तो उतरला आणि चालत सुटला. आधी लष्कराची भीती, मग पोलिसांची. पुढे कोणीच शोधत नव्हतं, तेव्हा घराची. कमळू साठ साली पेन्शनीत निघाला. पुढच्या वर्षी सिन्नरच्या बाजारात त्याला मागून एका माणसाची चाल ओळखीची वाटली.

"म्हनला, वयनीला सांगशील तर जीव दीन. शपत घातली. मी दर सालाला जायचो. तो इचारायचा, पोरगी केवडी झाली, भात किती झाला, ती कशी दिसते. पन घरी चल म्हनला की गप. मरायच्या आधी कोट दिला. म्हनला, ह्यो तिला दे."

"आणि दिला नाही."

"कसा देऊ? कोट दिला की ती इचारनार, कवापासून ठावं होता? येक बटन पडला होता, तो माज्या कोटाचा लावला. दर दिवालीला उन्हात घालतो, बटना घासतो, दोरे बदलतो. या सालाला द्यायचा म्हनतो." त्याने कोट मांडीवर घेतला. "मंगलवारी हाडा निंगाली. मनात आला, देवानेच वाट दिली. बटना टाकली की लडकू शिपाई म्हनून मेला. पलाला नाय. तिच्या तोंडावर थुकनारे गप व्हतील. धोंडीवर जाईल, हे माज्या डोक्यातच आला नाय. आईची आन."

"शनिवारी धोंडी कोर्टात उभा राहील."

"पन्नास वर्सांचा खून कोन शाबीत करतो? सुटंल तो. हवालदार, त्या चौथ्या बटनाचा तुमी कोनाला सांगू नका. तुमच्याशिवाय वलखनारा हाय कोन? तिचे किती दिस ऱ्हायले? ऱ्हाऊ द्या तिला मानाने."

पंढरी बाहेर आले. आंब्याखाली उभे राहिले, पुन्हा दारापर्यंत आले, पुन्हा आंब्याखाली गेले. योगिनीला सिंह दिसले होते, शामलाही. पण बटणाची अदलाबदल झाली असेल, आपलीच नजर चुकली, असं म्हटलं असतं तर दोघांनीही मानलं असतं. त्यांच्या शब्दापुढे या तालुक्यात कोणी जात नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांनी तारखा सांगितल्या होत्या, पण कोणाच्या आयुष्यात काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरवायची वेळ पहिल्यांदाच आली होती. समोर धोंडीचं घर दिसत होतं. दारात दिपाली बसली होती, आणि पाणवठ्यावरून येणाऱ्या बायका तिच्याकडे न बघता पुढे जात होत्या.

ते आत गेले.

"कोट घ्या," ते म्हणाले. "मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

५

जिवली ओटीवर बसली होती. योगिनी आणि शाम बाजूला. कमळू अंगणात आला तेव्हा तिने आधी कोट बघितला. मग त्याच्याकडे.

कमळूने उभ्यानेच सगळं सांगितलं. पंढरींनी त्याला हाताने धरलं होतं.  तो थांबल्यावर जिवलीने हात पुढे केला. कोट घेतला, उलटा केला, अस्तराच्या आतल्या बाजूला तिच्या हातची एक जुनी शिवण होती तिथे बोट ठेवलं.

"त्र्याहत्तर साल," ती म्हणाली. "म्हनजे सत्तावीस वर्सा तो तिकडं इटा राखीत व्हता, नि मी हितं..." तिने हिशेब सोडून दिला. "त्र्याहत्तरला माजी लेक भिमी सव्वीस वर्साची व्हती. तिने बापाचा तोंड बगितला आसता."

"वयनी, तुमचा मान ऱ्हावा म्हनून..."

"तुला कोनी सांगितला मला मान पायजे? मला खबर पायजे व्हती."

 जिवली भिंतीचा आधार घेत उठली, चप्पल न घालताच चालू लागली. योगिनी मागे धावली. म्हातारी सरळ धोंडीच्या ओटीवर जाऊन बसली. पाड्यावरच्या बायका दारादारांतून बघत होत्या.

"दिपाली, पानी आन गो," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भावजी, मी चुकले."

 धोंडीने तिच्या पायाशी आपलं पांघरूण सरकवलं, बसायला.

शनिवारी कोर्ट झालंच नाही. शामने पंढरींचं लेखी मत आणि कमळूचा जबाब फौजदारापुढे ठेवला, आणि त्याच दुपारी दवाखान्याचा अहवाल आला. जबड्यात एकही दात नव्हता, हाडं साठीपुढच्या माणसाची होती. लडकू गेला तेव्हा चोवीसचा होता. पटकीच्या सालातल्या त्या परक्या म्हाताऱ्याला धोंडीने आणि मंगळूने मिळून अग्नी दिला. कमळूवर पुराव्यात ढवळाढवळ केल्याचा गुन्हा लागला. तो भोगायला तयार होता.

सोमवारी सकाळी जिवलीने त्याला निरोप धाडला. "गाडीवर ये. जागा दाखवायला."

सिन्नरच्या अलीकडे ते चौघं उतरले: जिवली, योगिनी, पंढरी आणि कमळू. भट्टी कधीच बंद पडली होती. पण रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती, आणि ती चालवणारी बारकी नावाची म्हातारी लडकूला ओळखत होती. दुसऱ्या नावाने.

"फार बोलायचा नाही," बारकी म्हणाली. "कुनाच्या वाटंला गेला नाही. तुमी त्याच्या कोन?"

 "जेवायचा काय?" जिवलीने विचारलं.

"भाकर मीच द्यायचे. पन भातासाठी झुरायचा हो. म्हनायचा, आमच्याकडच्या भाताला वास येतो."

जिवलीने मान हलवली. मग तिने बारकीकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, ओढ्याच्या कोरड्या पात्रात लडकूला अग्नी दिलेली जागा म्हणून कमळूने बोट दाखवलं तिथे गेली, आणि ओल्या पदराने स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. बांगड्या एक एक करून उतरवल्या, फोडल्या नाहीत. योगिनी पुढे झाली, तर तिने नुसता हात वर करून तिला थांबवलं.

बराच वेळ ती तिथेच बसून राहिली. पंढरी तिच्यापासून चार हातांवर दगडावर बसले होते. उठावंसं वाटत होतं, पण उठले नाहीत.

कमळू लांब, रस्त्याच्या कडेला, उन्हात ताठ उभा होता. घामाने त्याची टोपी भिजली होती. जिवलीने वळून त्याच्याकडे बघितलं.

"माज्याशी बोलू नको," ती ओरडून म्हणाली. "पन सावलीत येऊन बस."